प्रफुल्लभाऊंचं पक्कं कुलूप

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत प्रफुल्ल गावंडे यांचा कारखाना होता. कारखाना हा त्यांचा शब्द. येणाऱ्याजाणाऱ्याला एक पत्र्याचं शेड, वेल्डिंगचं मशीन आणि दारात बांधलेला कुत्रा एवढंच दिसायचं. पण आत खरोखर एक चांगली वस्तू तयार होत होती, हे मान्य करावं लागेल. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पट्ट्यावरून पुढे सरकतो तेव्हा त्यात प्लॅस्टिकच्या पन्न्या असतात, सुतळी असते, बायकांच्या डोक्याचे केस असतात, बारदाण्याचे धागे असतात. हे सगळं कॅमेऱ्यानं ओळखायचं आणि हवेची फुंकर मारून बाजूला उडवायचं, अशी ती पेटी होती. पेटीचा सांगाडा प्रफुल्लभाऊंनी अकोल्याकडच्या एका जिनिंगमधल्या परदेशी मशीनवरून उतरवला होता, रंगासकट. मूळ मशीनवर जिथे कंपनीचं नाव होतं तिथेच, त्याच वळणाच्या अक्षरांत, त्यांनी आपलं नाव टाकलं होतं. याला ते अभ्यास म्हणायचे.

पेटीचा मेंदू मात्र अर्पिता देठेचा होता. अर्पिता घाटंजीची. घरी कापूस आणि तुरीचं शेत. यवतमाळला तिनं इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आईच्या आजारपणात परत आली आणि मग इथेच राहिली. तिनं पेटीत जी चिप वापरली होती ती बाजारातून कोरी येते. चिपनं काय करायचं हे ठरवणारं डिझाइन आपण बनवायचं आणि शेजारच्या एका छोट्या मेमरीत ठेवायचं. लाईट आली की चिप ते डिझाइन वाचून घेते आणि स्वतःला तसं घडवते. लाईट गेली की पुन्हा कोरी. पन्नी कशी ओळखायची, केस कसा ओळखायचा, फुंकर नेमकी कधी मारायची, हे सगळं अर्पितानं त्या डिझाइनमध्ये बसवलं होतं.

कारखान्याच्या कागदांवर ती टायपिस्ट होती. खरं काम कागदावर लिहिलं तर गुपित फुटतं, असं प्रफुल्लभाऊंचं म्हणणं होतं. अर्पितानं एकदोनदा विचारलं, मग सोडून दिलं. काम तिच्या आवडीचं होतं.

पहिलं आणि एकुलतं एक गिऱ्हाईक म्हणजे घाटंजीचे देवीलालशेठ. त्यांच्या जिनिंगमध्ये चार पेट्या लागल्या. त्या बसवत असताना राजकोटचा एक माणूस तिथे आला होता. तो पट्टे विकायचा. हातात चहाचा कप घेऊन तो पेटीपाशी थांबला आणि वेळ घालवायचा म्हणून त्यानं विचारलं, "अंदर कौनसा चिप डाला है?"

बस. एवढंच. त्यानं चहा संपवला आणि तो पट्ट्यांची ऑर्डर घेऊन निघून गेला. पण प्रफुल्लभाऊंच्या जिवाचं पाणी झालं.

"अर्पिता," दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडचं दार लोटून घेत विचारलं, "आपलं डिझाइन कोणी चोरू शकते काय?"

"शकते. मेमरीतून कॉपी कराले एक केबल लागते फक्त."

प्रफुल्लभाऊ खुर्चीवर बसले.

"पण भाऊ, कोण कायले चोरन? आपलं गिऱ्हाईक तं एकच आहे."

"एकच आहे म्हणून तं. ते गेलं म्हणजे काय राह्यलं?"

तेव्हा अर्पितानं त्यांना कुलपाची गोष्ट समजावून सांगितली. डिझाइन सांकेतिक करून ठेवता येतं. मग मेमरी कोणी कॉपी केली तरी हाती कचराच लागतो. ते उलगडायची किल्ली, म्हणजे आकड्याअक्षरांची एक लांबलचक माळ, चिपच्या पोटात ठेवायची. ठेवायचे प्रकार दोन. एकात किल्ली बारक्या सेलवर जिवंत राहते. सेल काढला की पुसली जाते आणि नवी घालता येते. दुसऱ्यात ती चिपच्या आत जाळून कायमची कोरतात. वर आणखी एक फ्यूज जाळला की ती चिप या किल्लीनं बंद केलेल्या डिझाइनशिवाय दुसरं काही स्वीकारतच नाही.

"पक्कं कोणतं?"

"जाळलेलं. पण त्यात चूक झाली तं माघार नाही. अन् किल्ली हरपली तं डिझाइनमधलं एक टिंबही बदलता येत नाही."

"मग जाळू."

"भाऊ, आधी ऐका. यंदा परतीचा पाऊस लय झाला. पिवळसर पडलेला कापूस बाजारात येणार आहे. तो म्या मशीनले अजून दाखवलाच नाही. थोडे दिवस द्या, मी तपासून घेतो."

"दसऱ्याले जाळायचं," प्रफुल्लभाऊ म्हणाले. "त्या दिवशी शस्त्रांची पूजा असते. आपलं शस्त्र हेच आहे."

आणखी एक गोष्ट त्यांनी करायला लावली. पेटीच्या दारामागे अर्पितानं एक छोटा पडदा, म्हणजे स्क्रीन, बसवला होता. कापूस किती पिवळा असला तर चालेल, धागा किती बारीक असला तर उडवायचा, हे तिथून कमीजास्त करता यायचं. बाहेरून काही बदलता येतं म्हणजे चोराला रस्ता आहे, असं म्हणून भाऊंनी तो काढायला सांगितला. अर्पितानं वाद घातला, मग काढला. पिवळेपणाचा आकडा आत डिझाइनमध्येच पक्का झाला. तोही अंदाजानं टाकलेला होता.

दसऱ्याच्या सकाळी चारही पेट्यांचे बोर्ड घाटंजीहून काढून आणून शेडमध्ये टेबलावर मांडले होते. त्यांना हळदकुंकू लावलं. झेंडूचा हार कुठे घालावा हे न कळल्यामुळे तो कॉम्प्युटरला घातला. अर्पितानं सगळी तयारी करून ठेवली होती. एक बटण दाबलं की किल्ली आपोआप तयार होणार, चिपांमध्ये जाळली जाणार आणि तिचे दोन अर्धे भाग दोन फाइलींत पडणार. दोन भाग ही भाऊंची कल्पना. एकाच माणसाजवळ सगळी किल्ली नको.

"आता तू जरा बाहेर बस," प्रफुल्लभाऊ म्हणाले.

"मी?"

"हाव."

"डिझाइन म्याच केलं आहे, भाऊ."

"म्हणून तं. ज्याले सगळं मालूम असते त्याच्यापासूनच धोका असते. मनावर घेऊ नको. नियम म्हणजे नियम."

अर्पिता दारातल्या कुत्र्याजवळ जाऊन बसली. जाता जाता तिनं सांगितलं की दोन्ही भागांची एकेक जास्तीची कॉपी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आतून उत्तर आलं, "जास्तीची कॉपी म्हणजे जास्तीचा चोर."

आत प्रफुल्लभाऊंनी बटण दाबलं. मग चोराला ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही फाइलींची नावं बदलली. एकीला 'मोटरपंपाचं बिल' आणि दुसरीला 'मोटरपंपाचं बिल नवीन' असं नाव दिलं. दोन पेन ड्राइव्हमध्ये त्या टाकल्या. कॉम्प्युटरमधून पुसल्या. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून कॉम्प्युटरची डिस्क काढली, ऐरणीवर ठेवली आणि हातोड्यानं ठेचली. अर्धे तुकडे एमआयडीसीच्या कचऱ्यात टाकले. अर्धे निळोण्याच्या धरणावर नेऊन पाण्यात फेकले. परतताना त्यांनी गाडी थांबवून आपट्याची पानं घेतली.

एक पेन ड्राइव्ह मामाजवळ गेला. मारोतराव हे त्यांचे सख्खे मामा, ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेले. सहीशिक्क्यावाचून त्यांना फार सुनं सुनं वाटत होतं. त्यांनी पेन ड्राइव्ह काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि ते चारचौघांत "आपल्यावर एक जोखीम आहे" असं म्हणू लागले. कसली, असं कोणी विचारलं की नुसतं डोळे मिटून मान हलवायचे.

दुसरा पेन ड्राइव्ह नयनजवळ. नयन म्हणजे प्रफुल्लभाऊंचा साळा, त्यांच्या बायकोचा, बबिताचा भाऊ. त्याचं दत्त चौकात मोबाइलचं दुकान होतं. त्यानं पेन ड्राइव्ह गल्ल्यात ठेवला आणि दुकानाच्या पाटीवर आपल्या नावाखाली 'टेक्निकल भागीदार' असं रंगवून घेतलं.

दिवाळीनंतर कापूस येऊ लागला आणि तो पिवळसरच आला. देवीलालशेठच्या जिनिंगमध्ये पट्टे सुरू झाले तशा चारही पेट्या जिवाच्या आकांतानं फुंकू लागल्या. पांढरास्वच्छ कापूस पुढे जायचा आणि जरा डाग पडलेला दिसला की फुर्र करून कचऱ्यात. दुपारपर्यंत कचऱ्याचा ढीग चांगल्या कापसाच्या ढिगाहून मोठा झाला. पट्ट्यावर काम करणाऱ्या जमनाबाई हसून हसून खाली बसल्या. पारदर्शक पन्नी मात्र आरामात पुढे चालली होती, कारण ती पिवळी नव्हती.

"प्रफुल्लभाऊ," शेठचा फोन आला, "तुमची मशीन कापसाले कचरा समजून राहिली."

अर्पितानं घाटंजीला जाऊन पाहिलं. चूक तिला उभ्याउभ्याच कळली. आकडा बदलायचा, पन्नीची ओळख सुधारायची. एका दुपारचं काम. फक्त सुधारलेलं डिझाइन त्याच किल्लीनं बंद करावं लागणार होतं, कारण चिपा दुसरं काही घेणार नव्हत्या.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"देतो ना," प्रफुल्लभाऊ म्हणाले. "त्यात काय आहे."

त्यात असं होतं की मधल्या काळात मामांच्या पुतणीचं लग्न झालं होतं. माईक नयनच्या हाती होता. आलेल्या पाहुण्यांची नावं घेऊन तो त्यांना शाल-टोपीसाठी बोलावत होता आणि त्यात मारोतरावांचं नाव राहिलं. नयन म्हणायचा, चुकून राहिलं. मामा म्हणायचे, चुकून भाजीत मीठ टाकायचं राहते, मामाचं नाव राहत नाही. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

"पहिले त्याले आणू द्या," मामा गळ्यातला दोरा मुठीत धरून म्हणाले. "म्या दिला अन् त्यानं नाही दिला, तं सगळी सत्ता त्याच्या हाती जाईन."

"कसली सत्ता, मामा? अर्धी चाबी आहे ते."

"अर्धी कोणाची? माह्यी."

नयन दत्त चौकातून म्हणाला की मामांनी आधी त्यांचा भाग द्यावा, शिवाय मांडवात आपल्याबद्दल जे बोलले ते शब्द मागे घ्यावेत. बबितानं भावाला समजावलं तर तो म्हणाला की हा धंद्याचा विषय आहे, बाईनं मध्ये पडू नये. त्यावर बबितानं त्याला जे ऐकवलं त्यानं तो मऊ झाला. शेवटी ठरलं की मामांच्या घरी दोघांनी समोरासमोर बसायचं आणि अर्पिताच्या लॅपटॉपला एका बाजूनं एकानं, दुसऱ्या बाजूनं दुसऱ्यानं, एकाच वेळी पेन ड्राइव्ह लावायचा.

रविवारी सकाळी सगळे जमले. मामांनी नवीन धोतर नेसलं होतं. नयन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. लॅपटॉप मध्ये, दोन्ही बाजूंना दोघे. चहा आला, पण आधी कोणी उचलायचा यावरून तोही तसाच निवत राहिला.

"लावा आता," अर्पिता म्हणाली.

दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहत पेन ड्राइव्ह लावले. अर्पितानं एक फाइल उघडली, दुसरी उघडली.  मग तिनं दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या.

"दोन्ही सारख्या आहेत," ती म्हणाली.

"मग चांगलंच झालं," प्रफुल्लभाऊ म्हणाले. "जुळून राहिलं म्हणजे."

"जुळत नाही, भाऊ. सारख्या आहेत. मामाजवळ पहिला अर्धा, अन् नयनजवळही पहिलाच अर्धा. तुम्ही एकच फाइल दोनदा टाकली. दुसरी कुठं आहे?"

प्रफुल्लभाऊंच्या डोळ्यांसमोर निळोण्याचं धरण आलं.

 मग मारोतराव म्हणाले, "म्हणजे माह्याजवळचा ओरिजनल अन् याच्याजवळचा झेरॉक्स, असंच ना?"

"ओरिजनल माह्याजवळचा आहे," नयन म्हणाला. "मले पहिले दिला."

"बाई, तू सांग," मामा अर्पिताला म्हणाले, "कोणाचा ओरिजनल?"

अर्पितानं लॅपटॉप मिटला.

"अर्धी तं आहे ना," प्रफुल्लभाऊ हळू आवाजात म्हणाले. "राहिलेली अंदाजानं नाही काढता येत? नयन म्हणते, मोबाइलचं लॉक तो उघडून देते."

"मोबाइलचं येगळं. जगातले सगळे कॉम्प्युटर कामाले लावले अन् आपल्या नातवाइचे नातू म्हातारे होईपर्यंत चालवले, तरी नाही निघणार."

"इतकं पक्कं आहे?"

आणि त्या आवाजात क्षणभर का होईना पण अभिमान होता, हे अर्पिताच्या कानांनी टिपलं. तिला हसावं की उठून जावं ते कळेना. ती चहा न घेताच निघाली.

देवीलालशेठला सांगणं भाग होतं. प्रफुल्लभाऊ अर्पिताला सोबत घेऊन घाटंजीला गेले. वाटेत त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि शेठसमोर बसल्यावर सगळं आडून आडून सांगितलं. शेठ ओरडतील, मशीन रस्त्यावर फेकतील, असं त्यांना वाटत होतं. शेठ नुसते ऐकत राहिले.

"म्हणजे आता त्या मशीनमध्ये कोणालेच काही बदलता येत नाही?"

"नाही."

"तुम्हालेही नाही?"

"मलेही नाही, शेठ."

"कोणी मोठा इंजिनिअर आणला तं?"

"कोणालेच नाही," अर्पिता म्हणाली. "पण मी नवीन चिप टाकून नवीन बोर्ड करून देतो. महिन्याभरात."

देवीलालशेठनी खिडकीतून बाहेरच्या वजनकाट्याकडे पाहिलं. मग त्यांनी आवाज देऊन सगळ्यांसाठी पोहे मागवले. "घाई नाही," ते म्हणाले. "कायले खर्च करता?"

घाई का नव्हती ते अर्पिताला पुढच्या बाजाराच्या दिवशी कळलं. ती घरी आली होती, तेव्हा शेठच्या फाटकासमोर गाड्यांची रांग पाहून थांबली. चारांपैकी एक पेटी पट्ट्यासकट काढून वजनकाट्याजवळ आणून बसवली होती. आलेल्या गाडीतला थोडा कापूस तिच्यावर टाकायचे आणि ती फुंकून फेकायची. भावसिंग नावाचा एक शेतकरी समोर उभा होता. जवळच्या तांड्यावरचा, डोक्याला फेटा. त्याचा कापूस जवळजवळ सगळाच पेटीनं उडवला होता.

"पाण्यानं पिवळा पडला, शेठ," भावसिंग म्हणाला. "हातात घेऊन पाहा. धागा चांगला आहे."

"मले मान्य आहे, भाऊ. पण मशीन नाही म्हणून राहिली."

"मग मशीनले समजावून सांगा."

"तिची चाबी हरपली. बनवणाऱ्यालेही उघडता येत नाही. विचारून पाहा कोणालेही." शेठच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं. "माह्या हातात असतं तं म्या काहून नाही घेतला असता?"

कापूस कचऱ्याच्या भावात उतरवला गेला. अर्पिता मागच्या बाजूला गेली. तिथे जमनाबाई आणि आणखी काही बाया तोच कचरा टोपल्यांनी उचलून जिनिंगच्या मुख्य ढिगावर नेऊन टाकत होत्या. पिवळा आणि पांढरा एकाच गाठीत जात होता.

ती पुन्हा पुढे आली तेव्हा भावसिंगची बायको, हंसाबाई, रिकाम्या गाडीत बसली होती. अर्पितानं न राहवून सांगितलं की त्या पेटीतलं डोकं माझं आहे.

"तुमचं?" हंसाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मग आमचा कापूस काहून फेकते ते?"

"चूक राहिली. कुलूप लागलं, आता सुधारता येत नाही."

"बरं," हंसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. त्यांनी शिवी दिली असती तर अर्पिताला बरं वाटलं असतं. घरी जाऊन ती जेवली नाही. आईनं विचारलं तर म्हणाली, डोकं दुखून राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं प्रफुल्लभाऊंना फोन करून नोकरी सोडली.

पारव्याच्या रस्त्यावर एक नवीन जिनिंग सुरू झाली होती. अर्पिता तिथल्या मालकाकडे गेली आणि तिनं त्याला विचारलं, तुमच्यासाठी पेटी बनवू द्याल का. या वेळी तिनं डिझाइन पहिल्यापासून लिहिलं. आधी भावसिंगच्या घरून पिवळा कापूस मागवला आणि तो पट्ट्यावर टाकून मगच आकडे ठरवले. बदलाचा पडदा दारामागे परत बसवला. कुलूप तिनंही लावलं, पण सेलवालं. किल्लीची एक प्रत मालकाजवळ, एक आपल्याजवळ, आणि सेल गेला तर काय करायचं ते मालकाच्या मुलीला आणि मुनिमाला दोघांनाही शिकवलं. काम काही पहिल्या फटक्यात जमलं नाही. आधी पेटी मजुरांच्या बोटांवरही फुंकायची. पण जानेवारीपर्यंत ती नीट चालू लागली आणि देवीलालशेठच्या फाटकावरून गाड्या न थांबता पुढे जाऊ लागल्या.

ही बातमी प्रफुल्लभाऊंना कळली तेव्हा ते आधी सुन्न झाले आणि मग, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटलं. इतके दिवस ज्या चोराची वाट पाहत होते तो एकदाचा आला होता. ते नानाजी वकिलांकडे गेले.

"माह्या डिझाइनची चोरी झाली," ते म्हणाले. "केस टाकायची."

"चोर कोण?" नानाजींनी विचारलं.

"अर्पिता देठे. माह्याकडंच होती."

"कोणत्या पदावर?"

"टायपिस्ट."

"टायपिस्टनं चिपचं डिझाइन चोरलं."

"तिनंच बनवलं होतं ना ते."

"कुठं लिहिलं आहे तसं?"

"लिहिलं नाही. लिहिलं असतं तं गुपित फुटलं असतं."

नानाजींनी चष्मा काढून पुसला. "ठीक. ते राहू द्या. तिच्या मशीनमध्ये अन् तुमच्या मशीनमध्ये एकच डिझाइन आहे, हे दाखवावं लागते. तिचं उघडाले लावू. तुमचं आणा."

"माह्यं उघडत नाही."

"म्हणजे?"

"लॉक आहे. कोणालेच उघडता येत नाही. एकदम पक्कं."

"मग तुमच्या मशीनमध्ये आत काय आहे, हे तुम्हाले कसं मालूम?"

"ते अर्पिताले मालूम," प्रफुल्लभाऊ म्हणाले.

"उद्या ती म्हणाली," नानाजी म्हणाले, "का तुमच्या पेटीत जे आहे तेच तिच्याकडून चोरलेलं आहे, तं तुम्ही काय दाखवान? अन् तो बाहेरचा सांगाडा कोणाचा म्हणता?"

सांगाड्याचा विषय निघाल्यावर प्रफुल्लभाऊंना एक तातडीचं काम आठवलं.

फेब्रुवारीत देवीलालशेठचा निरोप आला. चारही पेट्या उचलून न्या, नाही तर सुधारून द्या. वाटलंच तर पिवळा कापूस थोडा जास्तच आवडला पाहिजे मशीनला, अशी सुधारा. शेठ आता हात जोडून गाड्या बोलवत होते आणि गाड्या येत नव्हत्या. मशीनवर कोणाचाच काही उपाय नाही, हे त्यांनीच गावोगाव इतकं पटवून दिलं होतं की आता स्वतः काही सांगायला गेलं तरी लोक मान हलवून पुढे जात.

प्रफुल्लभाऊ घाटंजीला अर्पिताच्या घरी गेले. ती ओसरीत एक बोर्ड सोल्डर करत बसली होती. त्यांनी पाणी मागितलं, तिच्या आईची तब्येत विचारली, यंदाच्या तुरीबद्दल बोलले. अर्पितानं हातातलं काम थांबवलं नाही.

"भाऊ, बोला ना. कायले आलते?"

"ते चार बोर्ड," ते म्हणाले. "नवीन करून देतं का?"

"देतो. पण पडदा राहील. बोर्डावर माझं नाव राहील. कागदावरही. अन् किल्ली दोघांजवळ राहील, पूर्ण."

"मामाले थोडा राग येईल."

"त्याइले सांगा, ओरिजनल त्याइच्याचजवळ आहे."

प्रफुल्लभाऊंना हसू आलं नाही.  कागदावर नाव टाकायच्या कल्पनेनं त्यांचा चेहरा दुखऱ्या दाढेसारखा झाला होता. पण शेठचा निरोप खिशात होता. त्यांनी हो म्हटलं.

मार्चमध्ये अर्पितानं देवीलालशेठच्या जिनिंगमध्ये जाऊन जुने बोर्ड काढले आणि नवे बसवले. मशीनला पिवळा कापूस गरजेपेक्षा जास्तच आवडावा, असं शेठला हवं होतं. तिनं सरळ नाही सांगितलं आणि काट्याजवळची पेटी परत आत नेऊन बसवायला लावली. भावसिंगची गाडी त्या दिवशीही फाटकावरून पुढेच गेली. तिनं ती जाताना पाहिली.

काढलेले चार बोर्ड टेबलावर पडले होते. दसऱ्याचं हळदकुंकू वाळून एका कोपऱ्याला चिकटलं होतं. प्रफुल्लभाऊंनी त्यातला एक उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"भंगारात दिले तं कोणी यातलं काढून घेईल का?" त्यांनी विचारलं.

"काय काढून घेईल, भाऊ?"

"डिझाइन."

अर्पितानं त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते.

"नाही," ती म्हणाली. "कोणालेच नाही काढता येणार."

प्रफुल्लभाऊंच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी समाधान दिसलं. त्यांनी चारही बोर्ड आपल्या रुमालात नीट गुंडाळले, लोहाऱ्याला नेले आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.